आस्ताची सोनमोजडी

बागेतलं फूल नेमकं कुठे उगवतं हे आईला विचारून ठेवायचं राहून गेलं, एवढीच खरं तर ऊर्वेची चूक. पुढे जे झालं ते त्या एका चुकीला फुटलेले फाटे.

आता कुणी म्हणेल, फूल कुठे आहे ते बघून कळतं, त्यात विचारायचं काय? तर सोनमोजडीचं तसं नसतं. जूनच्या सुरुवातीला ती उमलते तेव्हा आंधळ्यालाही दिसावी अशी असते. तपकिरी-जांभळ्या चार फिती वाऱ्यावर सोडलेल्या आणि मधोमध पिवळीधमक, फुगीर, तान्ह्या बाळाच्या पायात घालावी अशी मोजडी. पण थंडी पडायला लागली की पानं पिवळी होऊन गळतात आणि जमिनीवर काही म्हणजे काही उरत नाही. मुळं खाली झोपलेली, वर नुसती माती. आणि ऊर्वेची आई आस्ता गेली ती ऑक्टोबरात.

तशी ऊर्वे दर जूनमध्ये एस्टोनियाच्या राजधानीतून, टॅलिनहून, मुहू बेटावर येत असे. जूनच्या पहिल्या रविवारी आस्ताकडे सोनमोजडी बघायला सगळी आळी जमे, कॉफी होई, वेलदोडा घातलेला क्रिंगल, म्हणजे वेणीसारखा गोड पाव, कापला जाई, आणि ऊर्वे हातात कप घेऊन फुलांसमोर उभी राहून मनापासून कौतुक करी. पण कौतुक करणाऱ्याचं लक्ष फुलाकडे असतं, ते कुंपणापासून किती आणि हेझलच्या झाडाच्या कुठल्या अंगाला, याकडे नसतं. ऊर्वेला या ऑर्किडचं लॅटिन नाव येत होतं. त्याच्या बीला रुजायला जमिनीतली कुठली बुरशी लागते हे माहीत होतं. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केलेल्या बाईला जे जे माहीत असायला हवं ते सगळं तिला माहीत होतं. फक्त पत्ता माहीत नव्हता.

ऑक्टोबर संपायच्या आत निवृत्त होऊन ती आईच्या घरी राहायला आली त्याच आठवड्यात लाकडांचा ट्रक आला. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "बाई, कुठे ओतू?"

घरात नवीन आलेल्या माणसाला घर आपलं आहे हे कुणाला तरी दाखवायचं असतं. ऊर्वेनं मालकिणीच्या थाटात हात लांब केला. "तिथे. हेझलखाली. रिकामीच जागा आहे ती."

पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाळायची म्हणून घेतलेली ओली बर्चची लाकडं धडाधडा हेझलखाली कोसळली. पलीकडच्या कुंपणाशी आर्वेदकाका उभे होते. लाकडांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वारा उत्तरेचा आहे."

"हो ना," ऊर्वे म्हणाली.

"हं," काका म्हणाले, आणि आत गेले.

इथे मुहूच्या रीतीविषयी सांगायला हवं. दुसऱ्याच्या कुंपणाआत काय चाललंय यावर मुहूचा माणूस बोलत नाही. शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तर सांगतात, नाही असं नाही, पण आधी हवापाण्याची दोन वाक्यं बोलून मग.

हिवाळाभर ऊर्वेनं वाचन केलं. शोक करायच्या प्रत्येकाच्या तऱ्हा असतात. कुणी रडतं, कुणी कपाटं आवरतं. ऊर्वेनं सोनमोजडीवर मिळतील ती पुस्तकं मागवली. आईचे कपडे जिथल्या तिथे राहिले, पण चुनखडीच्या जमिनीत पालापाचोळा किती असावा याविषयी तिचं मत पक्कं झालं. एवढं मात्र तिनं मनाशी ठरवलं होतं की येत्या जूनच्या पहिल्या रविवारी आळी नेहमीसारखी जमेल, आणि आस्ताची सोनमोजडी नेहमीसारखी उमललेली असेल. आईचं बाकी काही तिला सांभाळता आलं नव्हतं. शेवटच्या वर्षी फोनसुद्धा वेळेवर झाले नव्हते. निदान हे एवढं.

एप्रिलअखेर सॉनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीपाशी जमिनीतून हिरवी टोकं वर आली. घट्ट गुंडाळलेली, भाल्यासारखी, ओळीनं. ऊर्वे गुडघ्यांवर बसली. पुस्तकात लिहिलं होतं, कोवळ्या पानांवर बारीक लव असते. तिनं भिंग आणलं, आणि भिंगातून पाहिल्यावर लव दिसली. भिंगातून पाहिलं की माणसाला हवं ते दिसतं, हे तिनं वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

तिनं त्या वाफ्याला बुटकं कुंपण घातलं. गोगलगायींसाठी भोवती अंड्यांची कवचं पसरली. सकाळी पावसाचं साठवलेलं पाणी, संध्याकाळी पुन्हा पावसाचं साठवलेलं पाणी. समोरच्या लाइनेमावशी रोज दुधाला जाताना थांबत, बघत.

"काय गं, हे कशासाठी?"

"जपायला नको का, मावशी?"

"हे? जपायचं?" मावशींनी एकवार वाफ्याकडे आणि एकवार ऊर्वेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "जप हो, जप. माणूस गेलं की असं होतंच. माझे हे गेले तेव्हा मी वर्षभर कोंबड्यांशी बोलत होते."

याचा अर्थ ऊर्वेला तेव्हा लागला नाही. पुस्तकं वाचलेल्या माणसाला बोललेल्याचा अर्थ उशिरा लागतो.

इथवर प्रकरण कुंपणाच्या आत होतं. ते बाहेर गेलं ऊर्वेच्या सरळपणामुळे. सोनमोजडी संरक्षित वनस्पती. तेव्हा आपल्या आवारात ती आहे हे सरकारला कळवणं हे सुशिक्षित नागरिकाचं कर्तव्य, असं तिला वाटलं. तिनं निसर्गरक्षणाच्या कचेरीत फोन लावला.

"रानटी आहे की बागेतली?" पलीकडून विचारणा झाली.

"बागेत आहे."

"ते झालं. पण मूळ कुठलं? आपोआप उगवली असेल तर रानटी. कुणी लावली असेल तर कुठून आणून लावली?"

"आईनं लावली. फार वर्षांपूर्वी."

"मग आईंना विचारून कळवा."

ऊर्वेनं सांगितलं की ते आता शक्य नाही. मग तो आवाज म्हणाला की अशा परिस्थितीत प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल.

पाहणीला आले ते राइवोसाहेब. उंच, अवघडलेले, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गेटातूनच त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "मी सीलमाशांचा माणूस आहे. वनस्पतींच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. पण नियम सगळ्यांना सारखेच."

त्यांनी सॉनाच्या भिंतीपाशी वाकून बराच वेळ निरीक्षण केलं. सीलमाशांकडे असं बघितलं की ते पाण्यात उडी मारून निघून जातात. वनस्पतींना ती सोय नाही.

"हीच ना?"

"हीच," ऊर्वे म्हणाली, आणि लॅटिन नावही सांगितलं. लॅटिन ऐकून राइवोसाहेबांचा उरलासुरला संशय फिटला. त्यांनी खुंट्या ठोकल्या आणि लाल-पांढरी पट्टी बांधायला घेतली. पट्टी सॉनाला वळसा घालून, विहिरीच्या बाजूनं, हेझलला गुंडाळून परत आली. लाकडांचा ढीग पुरता आत सापडला.

"फुलं येऊन खात्री होईस्तोवर या पट्टीच्या आत खणायचं नाही, काही हलवायचं नाही, जड काही ओढायचं नाही."

"पण ही लाकडं मी याच आठवड्यात छपरीत रचणार होते."

"लाकडं तर अजिबातच नाही. हादरे बसतात."

ऊर्वेला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर ती सुखावली. आईच्या फुलाला सरकारी कडं मिळालं होतं! त्या संध्याकाळी ती उगाचच दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली, आणि दोन्ही वेळा लांबून पट्टी कशी दिसते ते पाहून आली.

पट्टीमुळे आळीत खळबळ माजली, म्हणजे सगळे जरा जास्त गप्प झाले. दुकानात मिल्वीनं, जी ऊर्वेच्या शाळेत तिच्याच बाकावर बसायची, पावाचे पैसे घेता घेता हळूच काढलं, "लाकडं हलवायची नाहीत असं सरकारनंच सांगितलं म्हणे?"

"हो. वरूनच तसं आहे."

"वरून," मिल्वी म्हणाली. तिनं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. पुढचं गिऱ्हाईक आर्वेदकाका होते. "ऐकलंत? वरूनच तसं आहे." काका म्हणाले, "हं." मुहूवर रशियन अमलाच्या काळापासून एक समजूत आहे, की वरून आलेल्या गोष्टीला काहीतरी अर्थ असतो आणि तो विचारायचा नसतो.

रविवारच्या आदल्या दिवशी ऊर्वेनं क्रिंगल भाजला. आईसारखा झाला नाही, पण आकार आईसारखा होता. आळीला निरोप गेले. राइवोसाहेबांनाही बोलावलं, कारण खात्री करायची होतीच. वाफ्यातल्या देठांवर हिरवे बारीक मणी लागले होते. कळ्या जरा लहान वाटत होत्या, पण यंदाचा मे थंड गेला होता, आणि शिवाय शोकाचा परिणाम झाडांवरही होत असेल, कुणी सांगावं.

रविवारी सकाळी मणी उमलले.

पांढऱ्या, इवल्याशा, गोड वासाच्या घंटा. एका देठावर एकेक झुबका. अख्ख्या एस्टोनियात कुंपणाकुंपणाला माजतात ती घंटाफुलं, जी शाळेतली पोरं मुठीमुठीनं तोडून बाईंना देतात, आणि जी वाफ्यात घुसली की बाया कुदळ घेऊन मागे लागतात. ऊर्वे महिनाभर पावसाचं साठवलेलं पाणी या तणाला घालत होती. सरकारी पट्टी या तणाला होती.

ती सॉनाच्या पायरीवर बसली. आजारी असल्याचा निरोप पाठवावा का? पण मुहूची माणसं बोलावल्या वेळेच्या तासभर आधीच येतात, त्यामुळे ती पायरीवर असतानाच गेट वाजलं. सगळ्यांच्या अंगात चर्चला जायचे कपडे. लाइनेमावशींच्या हातात फुलदाणी. आणि मागे राइवोसाहेब, आज बूट पुसलेले.

मंडळी वाफ्यासमोर अर्धवर्तुळ करून उभी राहिली. शेवटी मिल्वी म्हणाली, "वास छान आहे."

"यंदा पांढरी आलीत," आर्वेदकाका म्हणाले.

"पांढराही वाईट दिसत नाही," लाइनेमावशींनी दुजोरा दिला.

ऊर्वेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण पट्टीच्या आत खणायला बंदी होती, तेव्हा तीही आशा नव्हती. राइवोसाहेब मोबाइलवर सोनमोजडीचं चित्र काढून एकदा त्याकडे आणि एकदा जमिनीकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू त्या पट्टीच्या अर्ध्या भागाच्या रंगाचा झाला.

"ही ती नव्हे," ऊर्वे म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मला माहीत नव्हतं. आईची सोनमोजडी कुठे आहे तेच मला माहीत नाही."

मग आर्वेदकाकांनी टोपी काढली आणि विचारलं, "मग आता ती लाकडं हलवायची का?"

"म्हणजे?"

"त्यांच्याखालीच आहे ती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, पोरी."

"मग सांगितलं का नाहीत? ऑक्टोबरपासून?"

"मी तर तिथेच उभा होतो," काका दुखावल्यासारखे म्हणाले. "वारा उत्तरेचा आहे म्हणून सांगितलंही. आम्हाला वाटलं, तू मुद्दाम टाकलीस. थंडीपासून झाकायला. टॅलिनला काहीतरी नवीन पद्धत असेल."

"आणि मग ते वरून आलं," मिल्वी म्हणाली. सगळ्यांनी राइवोसाहेबांकडे पाहिलं. राइवोसाहेब खिशातून चाकू काढून पट्टी कापायला लागले.

चर्चच्या कपड्यांतच सगळ्यांनी लाकडं उचलली. एका हातातून दुसऱ्या हातात, छपरीपर्यंत रांग. लाइनेमावशींनी फुलदाणी गवतात ठेवली आणि पदर खोचावा तसा झगा खोचला. शेवटचे ओंडके निघाले तेव्हा खाली ओल्या काळ्या मातीवर दोऱ्यासारखे पांढरे कोंब दिसले. उजेड शोधत ते आडवे, लांबच लांब गेले होते, लाकडांच्या फटींतून वळत वळत. आणि मग कुजले होते. आर्वेदकाकांनी बोटांनी माती उकरली. मुळं हातात आली ती भिजलेल्या कागदासारखी.

"गेली," ते म्हणाले.

ऊर्वे म्हणाली, "कॉफी गार होतेय," आणि आत जाऊन कप मांडायला लागली. सगळे कप मांडून झाल्यावर तिनं ते पुसले, आणि पुन्हा मांडले. बाहेर कुणी घाई केली नाही.

राइवोसाहेबांनी उभ्या उभ्या एक कप घेतला. "मी दिलगीर आहे," ते म्हणाले. पट्टी कापली असली तरी कागदावर ती अजून आहेच, ती रद्द करायला अर्ज करावा लागेल, तोवर खुंट्या काढता येणार नाहीत, असं सांगून ते लवकरच्या फेरीबोटीला गेले.

त्यांची गाडी वळणाआड गेल्याची खात्री करून आर्वेदकाका खाकरले.

"काय आहे ऊर्वे, माझ्या सॉनाच्या मागचा कोपरा मला साफ करायचाय. तिथे काहीबाही उगवतं. पिवळं."

लाइनेमावशींनी कप खाली ठेवला. "पिवळं? तुझ्याकडे?"

"असेल थोडं."

"आस्ताच्या बागेतलं?"

"आता वाऱ्यानं कुठून कुठे काय जातं..."

"वारा कसला मेला! चोरलंस तू! आणि मी एवढी वर्षं समजत होते की मी एकटीच!"

"एकटी?" मिल्वी हसायला लागली. "माझं तर माझ्या आईच्या हातचं आहे. म्हणजे आईनं चोरलेलं."

तेव्हा ऊर्वेला कळलं ते असं. दर सप्टेंबरात आस्ता दुकानात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "शनिवारी मी कुरेसारेला चाललेय, संध्याकाळच्या बसनं येईन." आणि जाताना फावडं हेझलला टेकवून ठेवायची. फावडं बाहेर विसरते म्हणून ऊर्वेनं एकदा आईला ते अडकवायला भिंतीत आकडा ठोकून दिला होता आणि वर व्यवस्थितपणावर दोन शब्द सुनावलेही होते. आस्तानं ते निमूट ऐकून घेतलं होतं.

"दिलेलं रोप मरतं, चोरलेलं जगतं, म्हणायची तुझी आई," लाइनेमावशी म्हणाल्या. "तिनं स्वतः नाही का पाद्रीबाईंच्या बागेतून पळवलं? पोटुशी होती तेव्हा, तुझ्या वेळेला."

म्हणजे आईची सोनमोजडी गेलेली नव्हती. ती चार कुंपणांपलीकडे होती, सॉनाच्या मागे, कोंबड्यांच्या खुराड्याशी, कुठे कुठे. एवढ्यात आर्वेदकाका खाली बघत पुटपुटले, "तर त्या कोपऱ्यातलं एखादं जर कुणी..."

आणि ऊर्वे, जन्मभर टेबलामागे बसून दिवसभर लोकांचे आभार मानलेली ऊर्वे, दोन्ही हातांनी काकांचा हात धरून म्हणाली, "काका, आभारी आहे! मनापासून आभारी आहे!"

मिल्वीच्या तोंडातला क्रिंगल तोंडातच राहिला. लाइनेमावशींनी डोळे मिटून घेतले.

"मेलं," आर्वेदकाका म्हणाले. "संपलं. आता नाही जगत ते."

"रोपाचे आभार मानतात का गं कुणी!" मावशी कळवळल्या. "एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात हे नव्हतं?"

ऊर्वेला लहानपणी हे माहीत होतं. शेजारणीनं रोप दिलं की आई तोंड फिरवून "बरं, ठेव तिथे" एवढंच म्हणायची, आणि ऊर्वेला तिची लाज वाटायची. आता आभार परत घेता येतात का यावर चर्चा सुरू झाली. मावशींचं म्हणणं, डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकावं. काकांचं म्हणणं, थुंकल्यानं शब्द पुसले जात नाहीत, फक्त अंगण घाण होतं. शेवटी मिल्वीनं तोडगा काढला.

"हिनं ते चोरावं. आभार मानून पुन्हा चोरी केली, तर ते आभार खोटे ठरतात."

मंडळींनी यावर विचार केला आणि मुद्दा कायद्याला धरून आहे असं ठरलं. पण फुलावर असताना चोरता येत नाही, मुळं दुखावतात. सप्टेंबरात.

उन्हाळाभर दोन्ही घरांनी ऊर्वेला जीव नकोसा केला. आपल्याकडेच चोरी व्हावी अशी लाइनेमावशींची इच्छा होती. "त्याचं काय खुरटं आहे! माझ्या खुराड्यामागे ये. गेटला कडी नसते. कुत्रा म्हातारा आहे, बहिरा आहे." तर काका कुंपणावरून, "तिच्या रोपांना कोंबड्यांचं खत जास्त झालंय. चोरून पस्तावशील." ऊर्वेला जन्मात कुणी इतकं आग्रहानं बोलावलं नव्हतं. अखेर तिनं काकांकडेच चोरी करायची ठरवली, कारण आभार त्यांचे मानले होते. मावशी दोन आठवडे अबोला धरून होत्या.

सप्टेंबरात आर्वेदकाकांनी दुकानात उभं राहून जाहीर केलं, "शनिवारी मी घरी नाही. जेवणानंतर निघेन. दुपारची झोप झाली की."

शनिवारी ऊर्वेनं चोरीला काय घालावं याचा बराच विचार करून शेवटी आईचा बागेतला जुना कोट घातला. बादली घेतली आणि काकांच्या फाटकाशी पोहोचली. खिडकी उघडली.

"अजून गेलो नाही मी!" काका ओरडले. "परत जा! काही पद्धत असते!"

ती घरी गेली, एक कप कॉफी घेतली, पुन्हा आली. या खेपेला खिडकी बंद होती. सॉनाच्या मागे फावडं भिंतीला टेकवलेलं, धार लावलेलं. सोनमोजडीच्या झुडुपाभोवतीची माती आधीच भुसभुशीत केलेली. मुळं गुंडाळायला ओलं गोणपाट घडी घालून ठेवलेलं. ऊर्वेनं कोटाच्या बाह्या मागे सारल्या. तिनं फावडं मारलं.

"लांबून!" सॉनाच्या छोट्या खिडकीतून आवाज आला. "मुळं आडवी जातात, लांबून घाल!"

ऊर्वे दचकून थांबली.

"मी इथे नाहीये," खिडकी म्हणाली. "अजून खोल. हां. आता खालून हात घाल. बाळाला उचलतात तसं. अगं, तसं नव्हे! मूल कधी उचललं नाहीस का? हां, आता कसं."

पिवळ्या पडत चाललेल्या पानांचा, मातीनं जड झालेला गड्डा बादलीत आला. त्यात पुढच्या वर्षीचे कोंब होते, बोटाच्या पेराएवढे, टणक, जिवंत. ऊर्वे त्यांच्याकडे बघत राहिली. मग मुळांना गोणपाट गुंडाळून ती रस्त्यावर आली, आणि समोर राइवोसाहेब. बगलेत तिच्याच अंगणातल्या खुंट्या. अर्ज मंजूर झाला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राइवोसाहेबांनी बादलीकडे पाहिलं. उन्हाळाभर या माणसानं बहुधा वनस्पतींचा अभ्यास केला असावा, कारण या खेपेला त्यांना मोबाइल काढावा लागला नाही.

"हे कुठून आणलंत?"

ऊर्वेला सगळं एका क्षणात दिसलं. काकांनी बागेतलं रोप दिलं, एवढं म्हटलं की ती निर्दोष. पण दिलं म्हटलं की रोप मेलं. न सांगावं तर रानातून उपटलं असं होतं, आणि त्याला मोठा दंड. गेल्या जूनपर्यंतची ऊर्वे असती तर तिनं खरं काय आणि खोटं काय यावर एक लहानसं व्याख्यान दिलं असतं. आता ती ताठ उभी राहिली, आईच्या कोटाचं वरचं बटण लावलं, आणि ग्रंथालयात शांतता राखा म्हणताना जो आवाज लावायची त्या आवाजात म्हणाली, "चोरलं. आर्वेदकाकांच्या बागेतून. आत्ताच."

राइवोसाहेब सॉनाच्या खिडकीकडे वळले. तिथे नाक दिसत होतं. "आजोबा, हे तुम्ही यांना दिलंत का?"

"दिलं?" नाक संतापलं. "मी? मी आयुष्यात कुणाला काही दिलेलं नाही! माझ्या बायकोला विचारा!"

"म्हणजे बागेतलं आहे, आणि चोरीचं आहे."

"चोरीचं आहे!" काका अभिमानानं म्हणाले.

राइवोसाहेबांनी खुंट्या या बगलेतून त्या बगलेत घेतल्या. बराच वेळ ते समुद्राकडे बघत होते, जणू तिकडून एखादा सील येऊन सल्ला देईल. मग म्हणाले, "मग हे निसर्गात मोडत नाही. हे चोरीत मोडतं. चोरी पोलिसांकडे असते. माझ्याकडे नाही." आणि रस्ता द्यायला बाजूला झाले. ऊर्वे दोन पावलं गेली असेल, तोच, दुकानात आस्ताची गोष्ट कानावर गेल्यासारखे, ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही सप्टेंबरात कधी कुरेसारेला जाता का? दिवसभरासाठी?"

"पाचेक वर्षांनी विचारा," ऊर्वे म्हणाली.

ती चालायला लागली. बादली जड होती. मागे सॉनाचं दार धाडकन उघडलं आणि आर्वेदकाका सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडले, "चोर! अरे, चोर! माझं रोप नेलं!"

"चोर!" लाइनेमावशींची खिडकी उघडली. अबोला संपला होता. "धरा! आस्ताची पोर ती! जातच तसली!"

दुकानाच्या पायरीवरून मिल्वी हात उंच करून ओरडत होती. कुठल्या तरी अंगणातून आणखी कुणी त्यात आवाज मिसळला. मुहूवर एवढा आरडाओरडा आगीच्या वेळीही झाला नसेल. ऊर्वेचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती, आणि दोन्ही हात बादलीला असल्यानं यातलं काहीच पुसता येत नव्हतं. ती मान ताठ ठेवून, सरळ आईच्या गेटाकडे बघत चालत राहिली. मागे वळून पाहायचा मोह तिनं आवरला. वळली असती, तर तोंडातून आभार निघाले असते.